पिंडाजवळची बिडी

कावळा काही पिंडाला शिवेना.

पाऊण तास झाला. कुकडी नदीच्या काठावर दहाव्याला जमलेली दीड-दोनशे माणसं माना वर करून बाभळीकडं बघत होती आणि बाभळीवरचे चार कावळे माणसांकडं बघत होते. मेलेल्या हौशीरामच्या आवडीचं सगळं ठेवून झालं होतं. भजी, जिलबी, चहाचा कप. वचनंही देऊन झाली. "घर सांभाळीन, आईला अंतर देणार नाय," असं त्याचा मुंडण केलेला लेक गोरख हात जोडून दोनदा म्हणाला. कावळे ढिम्म.

"अरे, बिडी ठेवा की बिडी!" हौशीरामचा धाकटा भाऊ जानकू मागून ओरडला. "दादाचा जीव बिडीत अडकलाय, अन् तुमी जिलब्या काय ठेवताय!"

लगेच सगळीकडून माना डोलल्या. ज्या बिडीपायी माणूस खोकून खोकून गेला, तीच आता त्याला वाटेला लावणार. काय एकेकाचं डोकं म्हणावं! पण नको म्हणायला एकाचंही तोंड उघडलं नाही.

जानकूनं खिशातून बंडल काढलं. एक बिडी कानाशी धरून बोटांत चोळली आणि गोरखपुढं केली.

"घे. पेटव अन् ठेव."

"तुमी पेटवा की, नाना."

"मी? किरिया तू करतोयस. तुज्याच हातनं पायजे. अन् झुरका मारल्याबिगर बिडी पेटती व्हय रं?"

गोरखनं बिडी सोडून एकोणीस दिवस झाले होते. बाप दवाखान्यात नाकात नळी घालून पडला होता, तेव्हा सोडली. तल्लफ आली की बाळहिरडा गालात धरायचा, तोंड तुरट करून घ्यायचं. अगदीच राहवेना झालं तर बायकोला, आरतीला, हाक मारायची. ती हातातलं काम टाकून शेजारी येऊन बसायची. दहा मिनिटं निघून जायची. आता ती पलीकडं बायकांत बसली होती आणि तिथूनच त्याच्याकडं बघत नको नको अशी मान हलवत होती.

बिडी हातात आली, वास आला आणि गोरखच्या तोंडाला पाणी सुटलं. शी! बापाचा थुंकायचा राखेचा डबा रोज ह्याच हातांनी त्यानं ओतला होता. पिवळे-काळे बेडके, वर माशा. तो डबा आत्ता डोळ्यांपुढं दिसत होता आणि तरी तोंडाला पाणी सुटत होतं. त्याला स्वतःचीच किळस आली.

"एका झुरक्यानं काय मरतोयस का? बापासाठी एवढं बी व्हईना तुज्यानं?" जानकू म्हणाला आणि बाजूला वळून पचकन थुंकला. नदीच्या कडेला, जिथं पिंड सोडायचे, तिथंच.

"उरका राव, जेवणं खोळंबलीत," कुणीतरी मागून म्हणालं.

गोरखनं गालातला हिरडा टाकला. बिडी ओठांत धरली. जानकूनं झटदिशी काडी ओढली, वाऱ्यानं विझू नये म्हणून ओंजळीत धरून त्याच्या तोंडापाशी नेली. भाऊ आजारी असताना एकदाही औषध आणायला एवढा तत्पर झाला नव्हता मेला.

"थांब."

गोरखची आई साळुबाई बायकांतून उठली होती. पुरुषांच्या घोळक्यातून वाट काढत ती आली, लेकाच्या ओठांतली बिडी तिनं उपटली आणि नदीत भिरकावली. काडी जानकूच्या बोटापर्यंत जळत आली. तो हात झटकत म्हणाला, "वहिनी! अवो, दादाची इच्छा हाय ती!"

"इच्छा?" साळुबाई म्हणाली. "शेवटी पाण्याचा घोट जाईना त्यांना. तवा बी तुमी चोरून त्यांच्या तोंडात थोटूक देत व्हता. मला दिसत नव्हतं व्हय, भावजी?"

जानकू खाली बघायला लागला. गुरुजींनी मुकाट्यानं दर्भ वळायला घेतला. कावळा शिवतच नसला की दर्भाचा कावळा करून शिवतात.

साळुबाईनं कमरेची पिशवी सोडली आणि मिसरीची डबी काढली. दिवसातून चार वेळा उघडून उघडून झाकण पार गुळगुळीत झालेलं. ती डबी तिनं पिंडाजवळ ठेवली. मग पदराचं टोक घेऊन दात खसाखसा पुसले. काळे ते काळेच राहिले.

"आता ही काय भानगड?" जानकूला पुन्हा कंठ फुटला. "तुमची मिसरी दादाला कवा आवडायची?"

"नव्हतीच आवडत. मी सोडती आजपासनं, पोरासंगं. एकट्याच्यानं सुटत न्हाई ही घाण."

तिनं गोरखचा हात धरला. मग ती आरतीकडं बघत, सगळ्यांच्या देखत, लेकाला म्हणाली,

"त्यांना माझ्या तोंडाचा वास सहन व्हईना, मला त्यांच्या. पस्तीस वर्षं एकमेकांकडं पाठ करून निजलो आमी."