आवाज स्वच्छ येतोय

“ताई, जरा त्या कडेच्या खुर्चीवर सरकता का?” टॅबवरची नजर न काढता मधुसूदन म्हणाला. “बरोबर अँटेनाखाली माणूस बसलं की रीडिंग बदलतं.”

तोंडाभोवती स्कार्फ गुंडाळलेली ती बाई उठली आणि बॅग घेऊन कडेला जाऊन बसली. मधुसूदननं मान वर केली. छतात ताटलीएवढी पांढरी अँटेना बसवली होती. सध्या जगात तिच्याइतकं देखणं त्याला काही वाटत नव्हतं.

विमानतळाच्या नव्या दालनात मोबाईलची रेंज कोपऱ्याकोपऱ्यात कशी पोचवायची, याचा आराखडा त्याचा होता. काच किती, खांब किती, गर्दीतली माणसं अंगावर किती सिग्नल पिऊन टाकतात, सगळं त्यानं हिशेबात धरलं होतं. आयुष्यभर परगावच्या विमानतळांवर हेच केल्यावर आपल्या गावचं काम पहिल्यांदा मिळालं होतं. आज शेवटची परीक्षा. बाहेरच्या दारापासून विमानाकडं उघडणाऱ्या दारापर्यंत चालत जायचं, आणि लावलेला फोन मधे तुटता कामा नये. तुटला तर आराखडा नापास.

अशा फोनच्या दुसऱ्या टोकाला नेहमी त्याची बायको असायची, उमा. सुरुवातीला ती आकडे मोजायची. शंभरापर्यंत जायची, पुन्हा एकपासून सुरू. मग कंटाळली आणि रात्री पडलेली स्वप्नं सांगू लागली. देशातल्या कितीतरी विमानतळांच्या भिंतींमधून उमाची स्वप्नं गेली आहेत. त्यातलं एकही मधुसूदनला आठवणार नाही. तो आवाज ऐकायचा. शब्द ऐकणं त्याच्या कामात बसत नव्हतं.

दोन महिन्यांपासून तिला त्याच्याशी बसून बोलायचं होतं. हैदराबादच्या एका शाळेनं तिला गाणं शिकवायला बोलावलं होतं. जाऊ का? तुम्हीही याल का? दर वेळी तो म्हणायचा, “एवढी चाचणी होऊन जाऊ दे, मग निवांत बोलू.” गेल्या आठवड्यात तीच म्हणाली, “आता हैदराबादचं बोलायला नको.” त्याचा जीव भांड्यात पडला. तिला वाईट वाटलं असणार हेही त्याला कळलं. अगदीच दगड नव्हता तो. संध्याकाळी गुलमंडीवरच्या मिठाईवाल्याकडून इम्रती न्यायची आणि फोन बंद करून तिच्यासमोर बसायचं, असं त्यानं ठरवूनच टाकलं होतं.

तो बाहेरच्या दाराशी परत गेला, इअरफोनचं एक टोक कानात घातलं आणि फोन लावला.

“उमा, आवाज येतोय?”

“येतोय.”

“मग बोल. थांबायचं नाही हं.”

“काय बोलू?”

“सांग की एखादं स्वप्न.”

ती जराशी घुटमळली. “ताजंच सांगते. काचेचं मोठं घर होतं. सगळीकडं ऊनच ऊन. फरशीवर उन्हाचे चौकोन पडलेले आणि माणसं त्यातून सावकाश चाललेली, गुडघाभर पाण्यातून चालावं तशी. कुणी कुणाशी बोलत नव्हतं.”

“छान. आवाज स्वच्छ येतोय,” म्हणत तो तपासणीच्या कमानीतून पुढं सरकला.

“माझ्याजवळ बॅग होती. इतक्या वर्षांचा संसार केला आणि निघताना बॅग इतकी हलकी कशी, याचंच मला नवल वाटत होतं.”

“बरं. पुढं?”

एवढ्यात छतातून सूचना सुरू झाली आणि मधुसूदन जागच्या जागी थबकला. उघड्या कानानं ऐकलेली सूचना निमिषभरानं इअरफोनमधूनही ऐकू आली. तेच शब्द, तोच सूर. प्रतिध्वनी! इथला आवाज फोनमधून जाऊन परत इथंच येत असणार.

“उमा, टीव्ही लावलायस का?”

“नाही.”

“मग इथलाच घोळ आहे.” त्यानं टॅबवरच्या नकाशावर लाल फुली मारली. “तू बोलत राहा.”

“तुम्ही ऐकताय ना?”

“अगं, इतका चांगला आवाज मला कुठल्याच विमानतळावर मिळाला नव्हता. शेजारी बसून बोलल्यासारखा.”

“हं,” उमा म्हणाली, आणि पुन्हा स्वप्नात शिरली. काचेपलीकडं एक पांढरं विमान उन्हात झोपल्यासारखं उभं होतं, म्हणाली. त्याच्या सावलीत एक टिटवी चालत होती. मधुसूदननं सहज बाहेर पाहिलं. बाहेरही ऊन मी म्हणत होतं, धावपट्टी थरथरत होती, दूरचे डोंगर पुसट झाले होते. तिचा आवाज त्याच्या कानात त्याच्याबरोबर चालत होता. हा फोन तुटू नये असं त्याला एकदम फार वाटलं, आणि ते चाचणीसाठी नव्हतं. किती वर्षांनी तो तिचे शब्द ऐकत होता. आपण तिच्याकडं लक्षच दिलं नाही, हे त्याला आत्ता कळलं.

चालत चालत तो शेवटच्या दाराशी पोचला. दारावरच्या पाटीवर हैदराबाद अशी अक्षरं उजळली होती. मधुसूदन पाटीच्या वर पाहत होता, तिथल्या अँटेनाकडं. खाली रांगेतली माणसं एकेक करून दारातून उन्हात निघून जात होती. फोन अजून चालू होता. तो जिंकला होता.

“उमा,” तो हळूच म्हणाला, “त्या स्वप्नात मी होतो का गं?”

पुन्हा सूचना झाली, पुन्हा दोन्ही कानांत. ती संपेपर्यंत उमा थांबली.

“होतात की,” ती म्हणाली. “मी मुद्दाम तुमच्या अँटेनाखालीच जाऊन बसले होते. ‘ताई, जरा त्या कडेच्या खुर्चीवर सरकता का,’ म्हणालात.”