छत्रीवाला

घर बदलताना आईने फर्मान काढलं: खोक्यात एकच खेळणं मावेल. ताईचा हातातला व्हिडिओ गेम, नाहीतर धाकट्याचा टीव्हीला जोडायचा. दुसरा भंगारात.

दोन्ही भावंडं चाळिशीची, पण भांडायला लागली की शाळकरी.

"माझा खिशात मावतो," ताई म्हणाली. "तुझ्या डब्याला टीव्ही द्या, वायरी द्या. जावयाचे लाड नुसते!"

"पण तुझ्या एवढ्याशा पडद्यात माझ्या गेममधला छत्रीवाला मावेल का?"

शेवटी दोन्ही सुरू केले. लहानपणीच्या नियमाप्रमाणे ताई टीव्हीच्या उजवीकडे बसली. धाकट्याने छत्रीवाल्याला पळवलं, खड्ड्यांवरून उडवलं आणि जुन्या खोडीप्रमाणे थेट पडद्याच्या उजव्या कडेला नेऊन भिडवलं. एरवी तो तिथे अडायचा. आज बाहेर गेला.

"अरे, गेला कुठे हा?"

ताई खो खो हसत सुटली. तिच्या हिरवट पडद्यावर डावीकडून छत्रीवाला येत होता, नखाएवढा, उड्या मारत. "मावला बघ! जिंकले मी!"

हसता हसता तिने बटणांवरचे अंगठे उचलले. तो थांबला नाही. उजव्या कडेशी पोचला, आणि गेला.

दोन्ही पडदे रिकामे. ताईच्या उजवीकडे स्वयंपाकघराचं दार उघडं होतं.

टुण्. टुण्. उडीचा तोच आवाज, आतून.

"अरे," आईने हाक मारली, "तुमचे पाहुणे आत आलेत. छत्री तरी मिटायला सांगा त्यांना!"