शेगडीपाशी साहेब

मोहोपाड्याला कारखाना उभारायला एक जर्मन साहेब बायकोला घेऊन आला होता. दामू त्याच्या बंगल्यावर कामाला होता. दिवसभर मान खाली घालून राबायचा, पण घरी जेवायला बसला की साहेबाची टिंगल सुरू.

“कसला साहेब? बायल्या हाय बायल्या! स्वता शेगडीपाशी उभा राहून घावनं काढतो, नि मडम खुर्चीत बसून गरम गरम खाते. तिचं पोट भरलं, की उरलेली गार हा खातो.”

त्याच्या बायकोनं, जानकीनं, तव्यावरची भाकरी त्याच्या ताटात टाकली आणि पुढची थापायला घेतली.

“मडमेला लाज नाय वाटत?”

“लाज कसली! आणखी मागते.”

जानकीचा हात पिठावर थांबला.

“मी पण मागायची,” ती म्हणाली, “लगीन व्हायच्या आदी. आयशीकडं.”