निळ्यांनी हरावं म्हणून

आज निळ्यांनी हरावं, म्हणून गजराबाईंनी बिरोबापुढं दिवा लावला होता. निळे म्हणजे लेकाची टीम. मंचरच्या कोल्ड स्टोरेजमध्ये काम शिकलेला गोरक्ष आता स्वीडनमध्ये त्यांच्या आइस हॉकीच्या मैदानाचा बर्फ सांभाळायचा. सात मॅचच्या फायनलमध्ये पिवळ्यांनी तीन जिंकल्या होत्या, निळ्यांनी दोन. आज निळे हरले की खेळ खल्लास आणि गोरक्ष यात्रेला गावी, आण्यात हजर. जिंकले, तर शेवटची मॅच नेमकी यात्रेच्या दिवशी.

"पोटच्या पोराची टीम हारावी म्हून दिवा लावती व्हय गं?" जानकूनं मोबाईल डब्याला टेकवत बायकोला विचारलं.

"लई दिस झालं त्याला बघून. खेळ काय, पुढल्या साली बी व्हतोय."

मॅच सुरू झाली. ती काळी चकती कुठं पळते, ते दोघांनाही दिसेना. पिवळ्यांनी पहिला गोल मारला, तशी गजराबाईंची कळी खुलली.

मग मध्ये सुट्टी झाली आणि बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र चालवत गोरक्ष मैदानात आला. निळ्यांच्या खेळाडूंनी काठ्या आपटून त्याला दाद दिली. एका दाढीवाल्या दांडग्यानं त्याच्या टोपीवर टपली मारली. गोरक्ष खळखळून हसला.

"आपलंच घर असल्यावानी हसतोय की," गजराबाई हळूच म्हणाल्या.

पुढं निळ्यांनी बरोबरी केली. अगदी शेवटाला एक निळा गडी एकटाच सुटला, आणि गजराबाई उठून शर्यतीच्या घाटात बैलगाडा सुटल्यावर ओरडतात तशा ओरडल्या, "आरं पळव! भिर्रर्र!"

गोल झाला. जानकू बायकोकडं बघतच राहिला.

थोड्या वेळानं फोन आला. मागं नुसता जल्लोष चालला होता.

"आई, जिंकलो आमी!" गोरक्ष ओरडला. मग त्याचा आवाज खाली आला. "पर आता यात्रेला..."

घरासमोरच्या पटांगणात पाळणेवाला खांब रोवत होता. बिरोबाची यात्रा चैत्री पौर्णिमेची. ती कधी कुणासाठी एका दिवसानंही हललेली नाही, हे आण्यातलं शेंबडं पोरही सांगेल.

"यात्रा पुढं ढकलली हाय, बाळा," गजराबाई म्हणाल्या. "तू खेळ उरकूनच ये."

पलीकडचा जल्लोष जरा लांब गेला.

"बरं झालं, आई," गोरक्ष म्हणाला. "मग मी आल्याबिगर सुरू करू नका हां."