हुंदक्याचा होकार

“सिद्रा बेटा, कबूल हाय ना?” याकूबने पुन्हा विचारलं. सिद्राच्या ओढणीखालून एक लांब हुंदका तेवढा आला.

“रडली. म्हणजे कबूल,” मोठी फुफी, सिद्राची आत्या, म्हणाली आणि खोलीभर बायकांनी माना डोलावल्या. नेरळच्या त्या घरातली रीतच तशी. नवरी बोलली तर आगाऊ, हसली तर निर्लज्ज. रडली की झालं. काझींनी खरं तर स्पष्ट शब्द आणायला बजावलं होतं, पण काझी बसले होते बाहेर मांडवात. आत येऊन नवरीचा होकार घ्यायचा आणि साक्षीदारांसह तो त्यांच्यापर्यंत न्यायचा, हे वकिलाचं काम. आणि वकील होता तिचा सख्खा मामा, याकूब. भाचीच्या रडण्याने त्याचेही डोळे भरून आले होते.

सिद्राला हे लग्न नको होतं. मुलगा काही वाईट नव्हता; खालापूरला त्याचं बऱ्यापैकी चाललेलं दुकान होतं. पण तिला तो नको होता. आठवडाभर ती आईला, अख्तरुन्निसाला हेच सांगत होती आणि आई दरवेळी तिला गप्प करत होती. आता तर खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. दाराशी साक्षीदार उभे होते, मांडवात पाहुणे जेवणाची वाट बघत होते. एवढ्यांसमोर नको म्हणायचं तरी कसं? ती आणखी जोरात रडली. बायका आणखी खूश झाल्या.

“भाई, झालं का?” मांडवातून सिद्राच्या बापाने, मुनव्वरने मेहुण्याला हाक दिली.

“झालं, झालं,” म्हणत याकूब उठला.

अख्तरुन्निसा लेकीला टेकून बसली होती. मघापासून तीही सगळ्यांबरोबर मान डोलावत होती. तिने एकदम भावाची बाही धरली.

“भाई, माझ्या निकाहालापण वकील तूच होतास.”

“हां. तूपण अशीच रडत होतीस,” याकूब कौतुकाने म्हणाला.

अख्तरुन्निसा बोलली ते बाहेर मांडवातही ऐकू गेलं.

“मी रडत नव्हते, भाई. मी नाय म्हणत होते.”