दोन हॉर्सपॉवरचं मशीन

“हे घेतलंस तर लाकूड रडेल. मशीन नाही रडणार,” दुकानदार म्हणाला.

गुणाजी मेस्त्रीने लाकूड कोरायचे दोन्ही राउटर पुन्हा उचलून पाहिले. एक अर्ध्या हॉर्सपॉवरचा, एक दोनचा. हातात धरून कडा कोरायच्या तर अर्धा पुष्कळ झाला. पण गुणाजीला तो टेबलाखाली उलटा टांगायचा होता. पातं तेवढं फळीतून वर येणार, आणि मेस्त्री त्यावरून सागाच्या पट्ट्या सरकवणार. एका दमात देव्हाऱ्याची नक्षी. अर्ध्याचा सागात श्वास कोंडला असता. गुणाजीने दोनचा घेतला.

“झकास!” सोबत आलेला मेहुणा नंदू म्हणाला. “अख्ख्या घाटकोपरात असं मशीन कुणाकडे नाय.”

हे खरं होतं. चाळीच्या विजेलाही असल्या मशीनची सवय नव्हती.

तळमजल्याच्या खोलीत मशीन बसलं. गुणाजीच्या बायकोने, सुलक्षणाने, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. जो येईल तो विचारी, ताकद किती? वरच्या मजल्यावरच्या शेवंतीकाकूने एकटीने विचारलं, “थांबतं कसं?”

“थांबायला कशाला आणलंय, काकू?” गुणाजी म्हणाला. सगळे हसले. काकू त्याच्या हातांकडे बघत राहिली.

काकूबद्दल चाळीचं मत आधीच पक्कं होतं. तिचा नवरा गिरणीत होता. वारेपर्यंत सत्यनारायणाचा प्रसादही डाव्या हाताने घ्यायचा. उजवा कायम खिशात. अशा घराबद्दल चांगलं बोलायला चाळ काही वेडी नव्हती. आता तर काकू रोज जिन्याच्या पायरीवर बसायची, येताजाता गुणाजीचे हात न्याहाळायची आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायची. सुलक्षणाने नवऱ्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. त्या इतक्या तडतडल्या की शेजारीण बघायला आली.

मशीन मात्र शब्दाला जागलं. जाड सागात अडलं तरी ते रडायचं नाही. रडायचा तो जिन्याखालचा फ्यूज. चाळभर अंधार. मग नंदू धावत जाऊन नवी तार ओवायचा. टीव्हीवरचं गाणं संपायच्या आत लाईट आली पाहिजे, हा त्याचा बाणा. तेवढ्या वेळात गुणाजी पात्याशी बोटं घालून अडकलेली ढलपी उकरायचा. बटण बंद करायचा नाही. बंद पडलेलं आणखी काय बंद करायचं?

त्या रविवारी पिक्चर ऐन रंगात आला होता. हिरोच्या आईची दृष्टी गेली, आणि पाठोपाठ चाळीची लाईट. वरून शिव्या सुरू झाल्या. नंदू जिन्याखाली धावला. काडी ओढली. फ्यूज जागेवर नव्हता.

पायरीवर शेवंतीकाकू बसली होती. फ्यूज तिच्या मुठीत होता.

“काकू, दे ना! पिक्चरची वाट लागली!”

“मेस्त्रीला बोलव.”

“अगं, तो आत मशीन साफ करतोय.”

“म्हणूनच बोलव.”

काडी विझली. “करणी करते म्हातारी,” अंधारात कुणीतरी म्हणालं. कुणी कंदील आणला. मूठ सुटेना. शेवटी गुणाजीच तावातावाने बाहेर आला.

“काय काकू, माझ्या धंद्यावर उठलीस काय?”

“हात दाखव.”

गुणाजीने भुशाने माखलेले दोन्ही हात तिच्या तोंडासमोर नाचवले. “हे घे, बघ! लाव नजर!”

काकूने ते धरले. एकेक बोट चाचपत ती पुटपुटू लागली. सुलक्षणाने पदर तोंडाला लावला. नंदू कंदील घेऊन खाली वाकला, आणि काकूचा मंत्र पहिल्यांदाच कुणाच्या तरी कानी पडला. सात. आठ. नऊ. दहा.

मग काकूने हात सोडले.

“जा. आधी बटण बंद करून ये.”

का कोण जाणे, गुणाजी गेला. बटण चालूच होतं. तो परत आला. काकूने मूठ उघडून फ्यूज नंदूच्या हातावर ठेवला.

“गिरणीत ह्यांच्या हाताचं झालं, त्या दिवशीसुद्धा फ्यूजच उडाला होता,” ती म्हणाली. “फक्त तिथे लाईट लगेच आली.”