तळघरातल्या पाच काचा

विजेरीचा झोत पाचव्या पट्टीवरून फिरला आणि इंजिनियरने सुटकेचा निःश्वास टाकला. काच अखंड होती.

तळघराच्या भिंतींना पाच भेगा होत्या. सहा महिन्यांपूर्वी त्याने प्रत्येकीवर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवली होती. पाया हलला तर भेग रुंदावणार आणि काच तडकणार. मग बत्तीस कुटुंबांनी गाशा गुंडाळायचा, इमारत जमीनदोस्त. नाही तडकली, तर आहे त्याच पायावर डागडुजी. धडधाकट पाया उखडायचा आणि पुन्हा तेवढंच सिमेंट जमिनीत ओतायचं, हा निव्वळ करंटेपणा, असं तो ऑफिसात घसा कोरडा करून सांगायचा. वरिष्ठ हसायचे. "तू आणि तुझा पाया!" म्हणायचे.

"काय हो साहेब, पास का?" जिन्याखालच्या खोलीतून मावशींनी विचारलं. झाडलोट, पाण्याचा पंप, किल्ल्या, सगळं त्यांच्याकडे. इमारत गेली की त्यांची खोलीही जाणार, आणि दुसरीकडे त्यांना विचारणारं कोणी नव्हतं.

"पाचही पास, मावशी! पहिल्या दिवशी तुमचा झाडू लागला काचेला, तेव्हा माझा जीवच गेला होता."

"केवढ्यांदा खेकसलात! म्हणे, 'काच फुटली तर खोली गेली समजा.' तेव्हापासून तळहाताच्या फोडासारख्या जपल्यात मी."

"तुमच्यासारखी राखण करणारी माणसं हवीत बघा."

मावशींनी चहा ठेवला. तिथेच स्टुलावर बसून त्याने अहवाल पुरा केला. पाया स्थिर आहे. घरं रिकामी करायची गरज नाही. वर आणखी दोन मजले चढवता येतील. अहवाल पाठवला, वर सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन केला, आणि पाचच मिनिटांत जिन्यात आरडाओरडा सुरू झाला. लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. त्यालाही भरून आलं.

मावशींनी पदराने डोळे पुसले. "मग आता त्या काचा काढायच्या ना?"

"राहू देत की. तुमच्याकडे काय खायला मागतात?"

"तसं नाही हो. सुरुवातीला महिन्याला एखादी तडकायची, तेवढी मी आणून बसवत होते. आता आठवड्याला पाचही बदलाव्या लागतात."